कोरडे दालन

एका यंत्रात अनेक यंत्रे नांदवणाऱ्या प्रॉक्समॉक्स या प्रणालीच्या सर्व्हरवर पहिली व्हर्च्युअल मशीन तयार केली, की ईटीसी डिरेक्टरीतल्या पीव्हीई नावाच्या फोल्डरात एक छोटीशी फाइल उमटते. तिच्या नावात ओळख म्हणून केवळ एक आकडा, १००. उघडून पाहावी तर साध्या अक्षरांत वाचता येतील अशा जेमतेम पंधरा-वीस ओळी: प्रोसेसरचे कोअर दोन, मेमरी ४०९६ मेगाबाइट, डिस्क ३२ गिगाबाइट, नेटवर्क कार्ड एक, आणि मूळ सर्व्हर जागा झाला की हिनेही आपोआप जागे व्हायचे का, याचे एका अंकातले उत्तर. एवढ्यावर फाइल संपते. आणि एवढ्याच ओळींच्या आधारावर एक संपूर्ण संगणक उभा राहतो, ज्याला स्वतःचे बायोस असते, स्वतःचे घड्याळ असते, आणि ज्याच्या आत नांदणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला या जगात आपल्याखेरीज दुसरे कोणी असेल अशी पुसट शंकाही येत नाही.

या फाइलपाशी आपण जरा रेंगाळू. रसिकाने प्रथम पाहावा तो तिचा क्रमांक. गणती एकपासून का सुरू झाली नाही? तर १ ते ९९ हे आकडे प्रॉक्समॉक्सने स्वतःच्या अंतर्गत कामासाठी बाजूला ठेवले आहेत, म्हणून वापरणाऱ्याची पहिली मशीन शंभरावी. पहिलाच आकडा सांगतो, की यंत्रणेचे क्षेत्र कुठे संपते आणि वापरणाऱ्याचे कुठे सुरू होते. ही सीमा आखण्याची सवय या प्रणालीच्या रक्तात आहे, आणि तिच्या सौंदर्याचे मर्म मला तरी याच सवयीत सापडते. सर्व्हर उभारणे हे एक काम आणि तो सुरक्षित करणे हे त्यानंतरचे निराळे काम, असे सामान्यतः मानले जाते. इथे मात्र एकेक ओळ वाचत गेलो, की ही दोन्ही कामे एकाच हाताची असल्याचे दिसू लागते. जे काही उभे राहते ते कुठल्या तरी मर्यादेसकटच उभे राहते.

फाइलमधली नेटवर्कची ओळ तर पुन्हा पुन्हा वाचावी अशी. तिच्यात प्रथम कार्डाचा प्रकार येतो, व्हर्टआयओ. लिनक्सच्या जगात रस्टी रसेल यांनी २००७-०८च्या सुमारास रुजवलेली ही पद्धत मोठी प्रांजळ आहे. पूर्वी पाहुण्या, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणाऱ्या, मशीनला खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल दाखवावी लागे, आणि त्या नकलेचा प्रत्येक बारकावा सांभाळताना वेग हरवे. व्हर्टआयओमध्ये पाहुण्याला सरळ सांगितले जाते, की हे कार्ड खरे नाही, आपण दोघांनी ठरवलेल्या जागी पाकिटे ठेवू आणि उचलू. त्याच्यापुढे हार्डवेअरचा पत्ता येतो, आणि त्याची सुरुवात बहुधा बीसी-२४-११ अशी असते. ही तीन अक्षरजोड्यांची खूण प्रॉक्समॉक्सच्या नावे अधिकृतपणे नोंदलेली आहे. मग येतो तो ब्रिज, म्हणजे सर्व्हरच्या आतला आभासी स्विच, ज्याला हे कार्ड जोडायचे. आणि अगदी शेवटी फायरवॉल हा शब्द व त्याच्यापुढे एकुलता एक १. हा १ लिहिला, की मशीन आणि मुख्य ब्रिज यांच्यामध्ये आणखी एक चिमुकला ब्रिज केवळ या कार्डासाठी जन्म घेतो, म्हणजे येणारे-जाणारे प्रत्येक पाकीट तिथे थांबवून तपासता यावे. एका अंकाने नेटवर्कच्या रचनेत एक नवी वास्तू उभी करावी, हे लाघव एखाद्या चांगल्या बंदिशीत जागच्या जागी येणाऱ्या कणस्वरासारखे मला वाटते.

प्रॉक्समॉक्स व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट हे या प्रणालीचे पूर्ण नाव. डीट्मार आणि मार्टिन माउरर यांनी व्हिएन्नात उभारलेल्या कंपनीने ती २००८ मध्ये जगापुढे ठेवली. खाली डेबियन लिनक्स, त्यावर केव्हीएम आणि एलएक्ससी ही मुक्तस्रोत साधने, आणि सर्वांत वर ब्राउझरमधून चालवता येणारा एक स्वच्छ पडदा. संपूर्ण सोर्सकोड खुला, वापरासाठी परवान्याचा पैसा नाही, पैसे हवे असतील तर ते आधार आणि तपासून दिलेल्या अद्यतनांसाठी. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेऊन परवान्यांची रीत बदलल्यावर जगभरातल्या अनेक मध्यम संस्थांची नजर इकडे वळली. पण या प्रणालीचे गुण त्या गर्दीच्या आधीपासूनचे आहेत.

एका यंत्रात अनेक यंत्रे नांदवण्यामागचा विचार त्याहूनही जुना. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी एका निबंधात तीन अटी मांडल्या. पाहुण्या मशीनमध्ये चालणारा प्रोग्रॅम खऱ्या यंत्रावर जसा वागेल तसाच इथे वागला पाहिजे. यंत्राच्या साधनसंपत्तीवरचा ताबा नेहमी यजमानाकडेच, म्हणजे मूळ यंत्रणेकडेच, राहिला पाहिजे. आणि बहुतेक आज्ञा मध्यस्थावाचून थेट प्रोसेसरवरच चालल्या पाहिजेत. या तीन अटी एकत्र वाचताना आपल्याला त्यांच्यातला ताण जाणवतो: पहिली म्हणते पाहुण्याला पूर्ण मोकळीक द्या, दुसरी म्हणते लगाम सोडू नका, आणि तिसरी म्हणते लगाम हातात असल्याचे कळूही देऊ नका. आपल्या टेबलावरच्या साध्या प्रोसेसरांना या अटी मुळात पाळता येत नव्हत्या. काही नाजूक आज्ञा पाहुण्याने दिल्या तर यजमानाला त्याचा पत्ताच लागत नसे. मग नोव्हेंबर २००५ मध्ये इंटेलने आणि पुढच्या वर्षी एएमडीने प्रोसेसरमध्येच पाहुण्यासाठी निराळी अवस्था कोरली. पुढे अवी किविटी यांनी लिहिलेला केव्हीएम हा छोटासा घटक फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत सामील झाला, आणि लिनक्स स्वतःच यजमान झाला.

हे घडते कसे, हे समजून घेण्यासाठी आपण धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गला जाऊ. किल्ल्याच्या तटांमधून बोरी नदी वाहते, आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, तिच्यावर दगडी बांध घातला गेला. बांध पुष्कळांनी घातले. या बांधाच्या कर्त्याने बांधाच्या पोटातच एक दालन घडवले, तोच पाणीमहाल. पावसाळ्यात बोरी भरून वाहते, नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी गर्जत खाली कोसळते, आणि आत उभा असलेला माणूस खिडकीतून ते पाणी पाहतो, त्याचा नाद ऐकतो, आणि कोरडा राहतो. दालन पाण्यापासून दूर नाही. ते पाण्याच्या मधोमध आहे, त्याच दगडाच्या आधाराने उभे आहे ज्याने पाणी अडवले आहे. कारागिरी आहे ती जोडाच्या प्रत्येक दगडात, आणि पाण्याला जाण्यासाठी आधीच ठरवून दिलेल्या वाटेत.

केव्हीएमची मशीन नेमकी अशीच आहे. तीही त्याच प्रोसेसरवर, त्याच मेमरीच्या पट्ट्यांवर, शेजारच्या दहा मशीनच्या लोंढ्यातच उभी असते. तिच्या आज्ञा थेट सिलिकॉनवर चालतात. तिने मेमरीचा एखादा पत्ता उच्चारला, की प्रोसेसर तो पत्ता दुसऱ्या एका कोष्टकातून गाळून घेतो, आणि त्या कोष्टकात शेजाऱ्याच्या मेमरीचा उल्लेखच नसतो. मनाई करावी लागत नाही. जे तिच्या जगात लिहिलेलेच नाही त्याच्याकडे ती बोट दाखवू शकत नाही. आणि तिने एखादे असे काम मागितले जे यजमानाच्या अधिकारातले आहे, तर प्रोसेसर तिला त्या क्षणापुरता थांबवून ताबा यजमानाकडे देतो, यजमान ते काम करतो किंवा नाकारतो, आणि ती पुन्हा आपल्या वाटेला लागते. सेकंदात हजारो वेळा होणारी ही ये-जा आतल्याला जाणवत नाही.

या भिंतीला कधी तडा गेलाच नाही असे मात्र नाही, आणि तो तडा कुठे होता हे जाणून घेण्यातही एक वेगळा आस्वाद आहे. मे २०१५ मध्ये व्हेनम नावाने एक दोष उघडकीला आला. यंत्राचे सुटे भाग नकलेने उभे करणाऱ्या क्यूएमयू या साधनात, फ्लॉपी डिस्कच्या कंट्रोलरमध्ये, तो २००४ पासून दडून बसला होता. फ्लॉपी कोण वापरतो? कुणीच नाही. तरी तिचा कंट्रोलर प्रत्येक मशीनमध्ये निमूट हजर होता, आणि त्याच्यातून पाहुण्याला बाहेर डोकावण्याची शक्यता निर्माण झाली होती. हे वाचल्यावर आपण त्या पंधरा-वीस ओळींकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो: जी सीडी इन्स्टॉल झाल्यावर काढली नाही, जो सीरियल पोर्ट सहज म्हणून जोडला, जे दुसरे कार्ड पुढे कधीतरी लागेल म्हणून ठेवले, त्यांतली प्रत्येक ओळ आता आपले प्रयोजन सांगायला बांधील होते. छोटी फाइल देखणी का दिसते, त्याचे एक कारण हेही.

आता असा सर्व्हर याच जिल्ह्यात, धाराशिवला बसून उभारायचा, म्हणजे काय ते डोळ्यांपुढे आणू. समजा, भूमकडच्या एका खवा व्यापाऱ्याला मागणी नोंदवण्यासाठी संकेतस्थळ हवे आहे, तुळजापुरातल्या एका शाळेला निकाल आणि हजेरीची व्यवस्था हवी आहे, आणि उमरग्याच्या एका पतसंस्थेला आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी सुरक्षित जागा. तिघांसाठी तीन सर्व्हर घेणे परवडणार नाही, आणि तिघांना एकाच ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कोंबणे म्हणजे शाळेच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या एका भोकातून पतसंस्थेच्या खात्यांपर्यंत वाट करून देणे. म्हणून भाड्याचा एक डेडिकेटेड सर्व्हर नवी मुंबईकडे, ऐरोली-महापेच्या पट्ट्यातल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये, आणि त्यात तीन मशीन. ते यंत्र आपण कधी पाहणार नाही. त्याच्या पंख्याचा आवाज ऐकणार नाही. वीज धाराशिवला गेली तरी ते तिकडे चालूच राहील, आणि आपल्या हातून एखादी आज्ञा चुकली तर आपण उठून त्याच्यापाशी जाऊ शकणार नाही. हे अंतर या कामाला एक विलक्षण सावधपणा देते. सगळे काही एका अरुंद तारेतून, शब्दांनी करायचे आहे, आणि ती तार आपल्याच हाताने तुटू द्यायची नाही.

इन्स्टॉलरचा पहिला खरा प्रश्न डिस्कचा. दोन डिस्क असतील तर झेडएफएस या फाइलसिस्टिमचा आरसा निवडता येतो, आणि हा पर्याय आस्वाद घेण्याजोगा आहे. प्रत्येक लेखन दोन्ही डिस्कवर होते, हे तर आलेच. पण झेडएफएस प्रत्येक ब्लॉकची पडताळणीची खूण त्या ब्लॉकजवळ न ठेवता, त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते. त्यामुळे एखाद्या डिस्कने चुकीची माहिती मोठ्या आत्मविश्वासाने परत दिली, तरी ती खुणेशी जुळत नाही हे लगेच कळते. मग दुसऱ्या डिस्कवरची खरी प्रत वाचली जाते आणि बिघडलेली प्रत तिथल्या तिथे दुरुस्त होते. साक्षीदाराची साक्ष त्याच्या स्वतःच्या तोंडून न घेण्याचा हा विवेक मला फार आवडतो. एवढे मात्र ध्यानात असावे, की आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून सारख्याच निष्ठेने पुसली जाते.

नेटवर्कच्या बाबतीत डेटा सेंटर आपला स्वतंत्र धडा देते. घरच्या किंवा कार्यालयातल्या नेटवर्कवर ब्रिज बांधला की प्रत्येक मशीन आपला पत्ता घेऊन बाहेर पडते. भाड्याच्या सर्व्हरवर मात्र पुष्कळ ठिकाणी तारेच्या पलीकडचा स्विच फक्त ठरलेला हार्डवेअर पत्ता ओळखतो. अनोळखी पत्ता दिसला की तो तक्रार करतो, प्रसंगी तार बंद करतो. म्हणून आपण दुसरा ब्रिज बांधतो, ज्याला बाहेरचे एकही कार्ड जोडलेले नाही. तिन्ही मशीन या आतल्या ब्रिजवर खासगी पत्त्यांनी राहतात, आणि यजमान त्यांची पाकिटे स्वतःच्या पत्त्याने बाहेर पाठवतो. मांडणी अडचणीतून आली खरी, पण तिचे फळ पाहा: बाहेरच्या जगातून आत यायची एकही वाट आपोआप तयार झालेली नाही. संकेतस्थळासाठी ४४३ हा पोर्ट हवा, तर तो आपण लिहून द्यायचा. पतसंस्थेसाठी काहीच लिहिले नाही, तर बाहेरून तिथे पोहोचण्याचा मार्गच अस्तित्वात नाही.

अद्यतनांच्या भांडाराचा प्रश्न मी चटकन सांगून पुढे जातो. सुरुवातीला सशुल्क भांडार चालू असते. वर्गणी नसेल तर ते बंद करून विनावर्गणी भांडार निवडायचे, डेबियनची सुरक्षा-अद्यतने चालू असल्याची खात्री करायची, आणि नवा कर्नल आल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करण्याची वेळ ग्राहकांशी आधीच ठरवून ठेवायची.

खरे रेंगाळावे ते पोर्टांपाशी. प्रॉक्समॉक्स बसवून झाल्यावर कोणते पोर्ट उघडे आहेत याची यादी काढली, तर तीत २२ दिसतो, तो एसएसएचचा. ८००६ दिसतो, तो व्यवस्थापनाच्या पडद्याचा. आणि १११ दिसतो, ज्याला आपण बोलावलेलेच नव्हते. नेटवर्कवरून फाइल वाटून घेण्याच्या एका जुन्या पद्धतीबरोबर तो आपसूक येतो. लहानशा प्रश्नाला मोठे उत्तर देण्याची त्याची प्रवृत्ती आहे, आणि म्हणूनच खोट्या पत्त्याने प्रश्न विचारून तिसऱ्याच कुणावर उत्तरांचा भडिमार करण्यासाठी त्याचा गैरवापर होतो. आपला सर्व्हर कुणा अनोळखी माणसाला इजा करण्याचे साधन होऊ नये, एवढ्यासाठी तरी हा पोर्ट जगाला बंद असावा. सुरक्षेच्या बोलण्यात आपण नेहमी स्वतःच्या नुकसानीचा हिशेब मांडतो. १११ चा पोर्ट शेजाऱ्याचा विचार करायला लावतो.

२२ वर पासवर्ड नको, किल्ली हवी. किल्लीचा खासगी अर्धा भाग धाराशिवच्या लॅपटॉपवरून कधी हलतच नाही, सर्व्हरवर असतो तो फक्त सार्वजनिक भाग. त्यामुळे सर्व्हर कुणाच्या हाती लागला तरी त्यातून किल्ली घडवता येत नाही. ८००६ तर इंटरनेटला दिसूच नये हे उत्तम. त्याच्या पुढ्यात वायरगार्ड हा कूटबद्ध बोगदा ठेवावा. जेसन डोनेनफेल्ड यांची ही रचना मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत समाविष्ट झाली, आणि तिचा मूळ कोड सुमारे चार हजार ओळींचा, एका माणसाला वाचून समजेल इतका लहान. तिच्या स्वभावातली एक गोष्ट विशेष मोहक आहे: ओळखीची किल्ली नसलेल्या पाकिटाला ती नकारही देत नाही. ती गप्प राहते. बाहेरून चाचपडणाऱ्याला तिथे काही आहे की नाही, हेही कळत नाही.

आणि आता फायरवॉल. प्रॉक्समॉक्समध्ये ती तीन पातळ्यांवर असते, संपूर्ण डेटासेंटर (प्रॉक्समॉक्सच्या भाषेत सगळे होस्ट मिळून), एकेक होस्ट, आणि एकेक मशीन, आणि बसवल्यावर ती मुळात बंद असते. डेटासेंटरच्या पातळीवर ती चालू केली, की नियम एकच उरतो: जे आवर्जून लिहून दिलेले नाही, ते पाकीट आत येणार नाही. घरातल्या प्रयोगशाळेत हे सुखद असते, कारण स्थानिक नेटवर्कवरून ८००६ आणि २२ यांची वाट ती स्वतःहून मोकळी ठेवते. पण भाड्याच्या सर्व्हरवर स्थानिक नेटवर्क म्हणजे कोण? धाराशिवला बसलेले आपण त्यात नाही. त्यात येतात ते त्याच डेटा सेंटरमधले, त्याच पत्त्यांच्या पट्ट्यातले अनोळखी भाडेकरू. म्हणजे नुसते बटण दाबले तर मालक बाहेर आणि परके आत, अशी उलटी स्थिती. ही एक सूक्ष्म जागा पहिल्या वाचनात सहज निसटते, आणि सापडली की सगळी रचना नव्याने उजळते.

तोडगा फाइलमध्येच आहे, आणि त्याचा क्रम पाहण्यासारखा. फायरवॉलची फाइलही साध्या अक्षरांतली. तिच्यात आपण आधी स्थानिक नेटवर्क या नावाची व्याख्या स्वतः लिहितो आणि तिथे वायरगार्डच्या आतल्या पत्त्यांचा पट्टा देतो; मग वायरगार्डच्या पोर्टाला बाहेरून येण्याची परवानगी देणारी ओळ; मग संकटकाळासाठी २२ ची, तीही निवडक पत्त्यांवरून. हे सर्व लिहून, वाचून, तपासून झाल्यावर अखेरीस चालू हा शब्द. त्या क्षणी एक एसएसएच सत्र उघडे ठेवायचे आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने आत येऊन पाहायचे. आत आलो तर रचना बरोबर. नाही आलो तर उघड्या सत्रातून फायरवॉल थांबवायची आज्ञा अजून देता येते, आणि तेही साधले नाही तर डेटा सेंटरने दिलेला दूरस्थ कन्सोल आहे. परवानगी आधी आणि प्रतिबंध नंतर, या क्रमात जे सौष्ठव आहे ते अंतराने शिकवलेले आहे.

पुढे माणसांची पाळी. शाळेतल्या संगणक शिक्षकांना आपली मशीन बंद-चालू करता यावी, तिचा कन्सोल पाहता यावा, पण शेजारच्या पतसंस्थेच्या मशीनचे नावसुद्धा दिसू नये, असे हवे असेल तर प्रॉक्समॉक्सची परवानग्यांची भाषा फार नेटकी आहे. कोण, कुठे, काय: एवढ्या तीन पदांचे ते वाक्य. कोण म्हणजे शिक्षकांचे खाते, जे लिनक्सचे खाते नसून केवळ या पडद्यापुरते असते. कुठे म्हणजे त्या एका मशीनचा मार्ग. काय म्हणजे मशीन वापरण्याची तयार भूमिका. त्यांनी लॉगिन केल्यावर डावीकडच्या यादीत एकच मशीन दिसते. पतसंस्थेच्या हिशेबतपासनिसांसाठी नुसते पाहण्याची भूमिका वेगळी आहे. आणि या सर्वांच्या खात्यांना मोबाइलवर दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड जोडता येतो, म्हणजे पासवर्ड कुठे फुटला तरी तेवढ्याने काम भागत नाही.

एलएक्ससी कंटेनर वापरले तर तिथेही एक अप्रतिम जागा आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो, तो यजमानाचाच वापरतो, म्हणून त्याची भिंत केव्हीएमइतकी जाड नाही. पण अनप्रिव्हिलेज्ड कंटेनरमध्ये आकड्यांची एक बदलाबदल होते. आत जो शून्य क्रमांकाचा, सर्वाधिकारी रूट आहे, तो बाहेर यजमानाच्या लेखी असतो एक लाखाव्या क्रमांकाचा, कोणताही अधिकार नसलेला एक सामान्य वापरकर्ता. आत त्याने वाटेल ते करावे, प्रोग्रॅम बसवावेत, खाती उघडावीत, सगळे काही मोडून पुन्हा मांडावे. आणि एखाद्या फटीतून तो बाहेर निसटलाच, तर हातात काहीही नसलेला असा उभा राहील. आतल्या स्वातंत्र्याला जराही हात न लावता बाहेरचा धोका उतरवण्याची ही युक्ती केवळ बेरजेवर चालते: प्रत्येक क्रमांकात एक लाख मिळवा.

बॅकअपपाशी आलो, की या जिल्ह्यात बोलताना आवाज आपोआप गंभीर होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप लोहारा आणि उमरगा तालुक्यांनी सोसला आहे; सगळ्या वस्तू, सगळी कागदपत्रे, सगळ्या खुणा एकाच छपराखाली असल्याचा अर्थ इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. म्हणून तिन्ही मशीनच्या प्रती त्या डेटा सेंटरबाहेर, दुसऱ्या गावी असाव्यात. चालत्या मशीनची प्रत प्रॉक्समॉक्स कशी घेते, ते पाहू. रात्री दोन वाजता प्रत सुरू झाली, तर हवी असते ती नेमकी दोन वाजताची स्थिती. पण मशीन तर थांबलेली नाही, ती लिहितेच आहे. तेव्हा ती एखाद्या ब्लॉकवर लिहू लागली, की तिला क्षणभर थोपवून त्या ब्लॉकचा जुना मजकूर आधी प्रतीत उतरवून घेतला जातो, आणि मग तिचे लेखन पुढे जाते. प्रत पूर्ण व्हायला तास लागला तरी ती अखंड दोन वाजताचीच असते.

ती प्रत जिथे जाते तो प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, पहिली आवृत्ती नोव्हेंबर २०२०. तो मशीनची डिस्क चार मेबिबाइटच्या तुकड्यांत पाहतो, प्रत्येक तुकड्याला त्याच्या मजकुरावरून काढलेले नाव देतो, आणि त्या नावाचा तुकडा आधीच असेल तर पुन्हा साठवत नाही. शाळेच्या आणि खवा व्यापाऱ्याच्या मशीनमध्ये एकच डेबियन एकाच साच्यातून आले असेल, तर त्यांचे पुष्कळसे तुकडे एकदाच ठेवले जातात. पाठवण्याआधीच मूळ सर्व्हरवर तुकडे कुलूपबंद करता येतात, म्हणजे बॅकअपची जागा दुसऱ्याच्या ताब्यात असली तरी पतसंस्थेची खाती तिथे वाचता येत नाहीत. फक्त त्या कुलपाची किल्ली सर्व्हरच्या बाहेर, शक्यतो कागदावरही, ठेवलेली असावी. आणि या सगळ्यात माझी सर्वांत आवडती मर्यादा ही: मूळ सर्व्हरला बॅकअपसाठी जे प्रवेश-टोकन द्यायचे त्याला प्रती लिहिण्याची आणि परत आणण्याची भूमिका देता येते, पण जुन्या प्रती पुसण्याची नाही. उद्या कुणी सर्व्हरवर संपूर्ण ताबा मिळवून तिन्ही मशीन खंडणीसाठी कुलूपबंद केल्या, तरी त्याच्या हाती लागलेल्या टोकनला कालची प्रत पुसता येणार नाही. पुसण्याचे काम बॅकअप सर्व्हर स्वतःच्या वेळापत्रकाने करतो.

परत आणण्याचा एक प्रकार असा आहे, की त्यात मशीन तिची डिस्क पूर्ण यायच्या आधीच सुरू होते. तिने एखादा ब्लॉक मागितला आणि तो अजून आलेला नसेल, तर इतर सगळे मागे ठेवून आधी तो आणला जातो. बाकीचे ब्लॉक मागाहून येत राहतात. दोनशे गिगाबाइटच्या मशीनचे लॉगिन काही मिनिटांत पडद्यावर येते. मात्र हे चालू असताना मधेच तार तुटली, तर तेवढ्या वेळात मशीनने नव्याने लिहिलेले हरवते, म्हणून पतसंस्थेच्या खात्यांसाठी संथ, पूर्ण पुनर्स्थापनाच बरी. संकेतस्थळासाठी ही घाईची पद्धत उत्तम. दिवाळीच्या मागण्या सुरू होण्यापूर्वी खव्याच्या दुकानाची मशीन एकदा अशी नव्या क्रमांकाने उठवून पाहावी, नेटवर्कची तार सोडवून आणि हार्डवेअरचा पत्ता नवा देऊन, म्हणजे मूळ मशीनशी तिची गाठ पडणार नाही, आणि मग कन्सोलमधून आत जाऊन कालची शेवटची मागणी नोंदलेली आहे का ते वाचावे.